बावीसचं पिस्तूल, दहा मीटरचं पिस्तूल आणि पारोळ्याचा भाचा

रविवारी सकाळी दोन तास कागदाच्या चकतीवर नेम धरायचा. स्पर्धा नाही, पदक नाही. एवढ्यासाठी खिशाला झेपेल असं पिस्तूल कोणतं? पारोळ्याला माझा भाचा असतो, त्याने हे विचारलं. त्याच्या मागोमाग त्याच्या मित्रांनी विचारलं, मग आमच्या एमआयडीसीतल्या एका फिटरने. फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगून भागेना, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

मी जळगावला टूलरूममध्ये काम करतो. साचे, पंच, डाय, जिग यांत आयुष्य गेलं. नेमबाजीची ओळख अमळनेरला कॉलेजात एनसीसीमुळे झाली. सतरंजीवर पालथं पडून .22 रायफलीने (.22 म्हणजे इंचातलं नळीचं माप, बोलताना नुसतं 'बावीस') पंचवीस मीटरवर ग्रुपिंग करायचं, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ पाडायच्या, आणि उस्ताद मागून ओरडायचे, "शिस्त दुरुस्त करो!" शिस्त म्हणजे नेम. पुढे नोकरीसाठी भोसरीत राहिलो तेव्हा पुण्यात एका रायफल क्लबचा सभासद झालो आणि क्लबच्या पिस्तुलांवर हात बसवला. एक जुनी वॉल्थर जीएसपी होती, एक इटालियन पारदिनी. दोन्ही .22 च्या. त्यामुळे भाच्याला बावीसचं आकर्षण का वाटतं, ते मला चांगलं समजतं. त्या काडतुसासारखं गोड काडतूस दुसरं नाही. हाताला झटका जवळजवळ नाही, आवाज सहन होण्याजोगा, आणि पंचवीस मीटरवर गोळी जिथे पाठवाल तिथेच जाते.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, माले पिस्तूल लेनं शे. रुगर मार्क फोर लेऊ का बक मार्क?" व्हिडिओ बघून त्याने यादीच केली होती.

यादीत चूक काही नव्हती. ती यादी अमेरिकेतल्या माणसासाठी अगदी बरोबर आहे. रुगर कंपनीचं पहिलंच उत्पादन 1949 सालचं .22 पिस्तूल होतं, साडेसदतीस डॉलरचं. साधा नळीसारखा रिसीव्हर (नळीच्या मागचा भाग), आत मागेपुढे सरकणारा, काडतूस मागून अडवणारा गोल बोल्ट, आणि दाबलेल्या पत्र्याचे दोन भाग जोडून केलेली मुठीची चौकट. टूलरूमवाल्याच्या नजरेने बघितलं तर त्या माणसाने महागडं मशीनिंग जिथे टाळता येईल तिथे टाळलं आणि जिथे नेम ठरतो त्या नळीत कसर केली नाही. नेम धरायची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच, दोन्ही स्थिर रिसीव्हर-नळीवर, सरकत्या भागावर काही नाही. त्याच घराण्यातलं मार्क फोर 2016 साली आलं. जुन्या मार्कांची मोठी कटकट म्हणजे ते उघडून साफ करणं आणि पुन्हा जुळवणं. मार्क फोरला मागे एक बटण दिलं, ते दाबलं की वरचा भाग वर उचलला जातो. ब्राउनिंगचं बक मार्क 1985 पासून आहे, त्याचा ट्रिगर पहिल्या दिवसापासून चांगला म्हणून नावाजलेला. स्मिथ अँड वेसनच्या व्हिक्टरीत नळी बदलायची सोय आहे. अमेरिकेत भाचा राहत असता आणि मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, ज्याची मूठ हाताला बसेल ते घे, तिन्ही चांगली आहेत.

पण आपण पारोळ्यात आहोत.

आधी हे काडतूस स्वस्त का, आणि त्याची अडचण काय, ते सांगतो, कारण पुढचा हिशोब त्यावरच आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते, तिच्यावर पिन आदळते. बावीसमध्ये टोपी नाही. पुंगळीच्या बुडाची कडा आतून पोकळ दुमडलेली असते आणि पेट घेणारा मसाला त्या कडेत फिरवून भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कडा चिरडते, मसाला पेटतो. म्हणून पुंगळी पातळ, कारखान्यात करायला सोपी, स्वस्त. आणि म्हणूनच ती पुन्हा भरता येत नाही. मसाला कडेत एखाद्या जागी कमी पोचला आणि पिन नेमकी तिथेच पडली, तर काडतूस वाजत नाही. असं झालं की पिस्तूल लगेच उघडायचं नाही. नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग काढायचं. क्लबमध्ये आम्हाला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणखी एक: बऱ्याच बावीसांत रिकाम्या नळीवर ट्रिगर ओढला की पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते. कंपनी स्पष्ट परवानगी देत असेल तरच रिकामा ट्रिगर ओढावा.

.22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलंय. 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी, वर मेणाचा हात. नेमबाजीसाठी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी काडतुसं घेतात, कारण ती जास्त एकसारखी वागतात. जगभर ती शेंगदाण्यासारखी उडवली जातात. आपल्याकडे तसं नाही.

मला इथे दरवेळी एक प्रश्न येतो. "दादा, वरणगावला काडतुसांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, मग काडतुसं महाग कशी?" वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं काम सैन्याच्या रायफलींच्या काडतुसांचं. आपल्याकडची .22 खडकीच्या कारखान्याची. 2021 मध्ये जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा वरणगाव आणि खडकी दोन्ही म्युनिशन्स इंडियाकडे गेले. कारखाना शेजारी असला म्हणून काडतूस दुकानात किलोवर मिळत नाही. परवान्यावर नोंद होऊनच मिळतं, आणि वर्षाला किती घ्यायची याची मर्यादा परवान्यावर असते. पंचवीस मीटरच्या एका पूर्ण सामन्याला 60 गोळ्या लागतात, सरावाच्या वेगळ्या. सराव करणाऱ्या माणसाला सर्वसाधारण परवान्याची मर्यादा किती लवकर संपते, ते तुम्हीच बघा.

आता परवाना. .22 असलं तरी ते अग्निशस्त्रच. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे 2016 चे नियम त्याला पूर्ण लागू. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ठेवायची सुरक्षित जागा, आणि कारण. नेमबाजीसाठी परवाना मागताना मान्यताप्राप्त संघटनेचं सभासदत्व आणि नियमित सराव दाखवता आला तर अर्जाला वजन येतं. "मला आवडतं" एवढ्यावर काम होत नाही, आणि होऊ नये असंच माझं मत आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, एवढा एक दिलासा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून बोलावणं येऊ शकतं, मग हत्यार जमा करायचं. खानदेशात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत काही ना काही चालूच असतं.

आणि समजा परवाना मिळाला, तर पिस्तूल कुठून आणणार? परदेशी हत्याराची आयात सामान्य परवानाधारकाला बंद आहे. नामांकित नेमबाजांना संघटनेमार्फत मार्ग आहे, आपल्याला नाही. म्हणजे रुगर, बक मार्क वगैरे देशात आधीच आलेली, हातोहात फिरणारी जी थोडी आहेत तीच, आणि त्यांचा भाव त्यांच्या गुणावर नसून दुर्मिळतेवर ठरतो. अमेरिकेतल्या स्वस्त पिस्तुलाची इथली किंमत ऐकून भाचा गप्पच झाला. देशी म्हणाल तर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने 'निडर' नावाचं .22 रिव्हॉल्व्हर काढलं. वजनाला अगदी हलकं, नळी आखूड, स्वसंरक्षणासाठी केलेलं. ज्या कामासाठी आहे त्यासाठी ते असेल ठीक, पण कागदावर नेम शिकायला हलकं हत्यार आणि आखूड नळी ही सगळ्यात वाईट जोडी. का, ते पुढे आकड्यांनी दाखवतो.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. .22 च्या काडतुसांच्या डब्यावरच इशारा छापलेला असतो की गोळी दीड मैल जाऊ शकते. भाच्याच्या एका मित्राची रावेरकडे केळीची बाग आहे, तो म्हणाला, बागेत मारू. केळीच्या बागेत चार ओळींपलीकडे माणूस दिसत नाही. पिलं कापणारी, घड उतरवणारी, पाणी धरणारी माणसं दिवसभर आत असतात. तिथे अग्निशस्त्र उघडायचा विचारही मनात आणू नये, आणि कायद्यानेही ती जागा नाही. पंचवीस मीटरची खरी रेंज म्हणजे पुण्यात बालेवाडी किंवा मुंबईत वरळी. जळगावहून दोन्ही चारशे किलोमीटरच्या घरात. रेल्वेत हत्यार घेऊन जायचं, परवान्याचे कागद सोबत, रात्रीचा प्रवास, आणि हे कशासाठी, तर रविवारच्या दोन तासांसाठी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा ब्लॉग तरुण पोरंही वाचतात. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या सीमेकडून गावठी कट्टे येतात हे आपल्याकडे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. "स्वस्तात होतं" असं कोणी कानाशी येऊन सांगितलं तर तिथून उठून जा. तुरुंग तर आहेच. पण मी यंत्रावरचा माणूस म्हणून सांगतो, ज्या नळीचं पोलाद कोणतं, उष्णतेची प्रक्रिया झाली की नाही, चेंबरचं माप काय, यातलं काहीच माहीत नाही, तिच्यामागे आपला तळहात आणि डोळे ठेवायचे नसतात.

तर मग काय? दहा मीटरचं एअर पिस्तूल.

हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. त्याच्या डोक्यात जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. मी त्याला म्हटलं, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर, ती दोन्ही दहा मीटर एअर पिस्तुलाची. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते .22 च्या पंचवीस मीटर प्रकारात. दोन्हीकडे हात एकच, खांदा एकच, नजर माशीवर तशीच. एअर पिस्तुलावर जे शिकाल त्यातलं जवळजवळ सगळं पुढे बावीसवर चालतं.

कायद्याचा हिशोब असा. 2016 च्या नियमांप्रमाणे नळी .177 म्हणजे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर परवाना लागत नाही. बावीसच्या गोळीत पिस्तुलाच्या नळीतून सुटताना साधारण 100 ज्यूल असतात. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यात पाचाच्या आसपास. कागदाला भोक पाडायला एवढं भरपूर आहे. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करायची, ओळखपत्राची नोंद द्यायची, पावती जपून ठेवायची.

एअर पिस्तूल चार तऱ्हेची मिळतात, आणि इथे आपल्या हवेचा संबंध येतो.

स्प्रिंगवाली सगळ्यात स्वस्त. आत जाड स्प्रिंग, ती सुटली की पिस्टन पुढे धावतो. छर्रा नळीत असतानाच पिस्टनचं वजन पुढेमागे हलतं, पिस्तूल हातात उसळतं. नवशिक्याला आपला हात चुकला की पिस्तूल, हे कळतच नाही. शिकण्यासाठी मी ती घेणार नाही.

सीओटूवाली म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या छोट्या बारा ग्रॅमच्या डबीवर चालणारी. दिसायला खऱ्यासारखी, म्हणून पोरांना आवडतात. त्यांचा दाब हवेच्या तापमानावर हलतो. 10 अंशांना डबीत 45 बार, 20 अंशांना 57 बार. 31 अंशांच्या वर तर आत द्रव असा उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. डिसेंबरात पहाटे तोच दहाच्या खाली. म्हणजे हिवाळ्यात बसवलेली साइट उन्हाळ्यात निरुपयोगी, आणि कडक उन्हात दाब इतका चढतो की आतला हॅमर, म्हणजे ठोका देणारा भाग, वायूचा व्हॉल्व्ह उघडूच शकत नाही. खानदेशात हे पिस्तूल वर्षातले थोडेच महिने धड चालेल.

पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत आधीच हवा भरलेली. ऑलिंपिकमध्ये हीच दिसतात: स्टेयर, मोरिनी, पारदिनी, फाइनवर्कबाउ. उत्तम. पण चांगलं पीसीपी लाखाच्या पुढे जातं, शिवाय हवा भरायची सोय लागते. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही.

राहिली सिंगल स्ट्रोक. एक दांडा उघडायचा, बंद करायचा, त्या एका हालचालीत जेवढी हवा दाबली जाते तेवढ्यावर एक छर्रा जातो. दरवेळी तेच घनफळ, तोच दाब, सुटताना झटका नाहीच. डबी नाही, सिलिंडर नाही, पंप नाही. झिजणारा भाग मुख्यतः एकच, सील. ती मी इथे टूलरूममध्ये बदलू शकतो. दोष एवढाच की दांडा बंद करताना जोर लागतो, बारक्या पोराला जमत नाही, आणि साठ छर्ऱ्यांनंतर खांदा बोलतो. भरलेल्या अवस्थेत ते तसंच ठेवून द्यायचं नाही, सील खराब होते. रविवारच्या दोन तासांसाठी माझं मत ठाम आहे: सिंगल स्ट्रोक.

या जातीत भाच्याच्या बजेटमध्ये बसणारी दोन नावं आमच्यासमोर होती, स्पेनची गामो कॉम्पॅक्ट आणि जर्मनीची वायराउख एचडब्ल्यू 40. इथून पुढचं जरा सविस्तर लिहितो, कारण कोणतंही पिस्तूल असो, एअर किंवा बावीस, निवडायची रीत हीच.

पहिली मूठ. दुकानात उभं राहायचं, लक्ष्य म्हणून भिंतीवरचा एखादा ठिपका ठरवायचा. डोळे मिटून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून हात सहज उचलायचा आणि डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध असली पाहिजे. डावीकडे किंवा उजवीकडे तिरकी दिसली तर मूठ तुमच्या हाताची नाही. मनगट वळवून ती मधोमध आणता येते, पण ते वळण साठ वेळा तसंच राहत नाही. गामोची लाकडी मूठ बोटांच्या आकाराची, खाली तळहाताला टेकणारी पट्टी वरखाली करता येते. उजव्या हाताच्या माणसाला ती फार छान बसते, मला स्वतःला तीच आवडली. लाकडी मुठीचा आणखी फायदा म्हणजे कमी-जास्त करता येते. जिथे टोचतं तिथे गोल कानस आणि पॉलिश पेपर, जिथे पोकळ लागतं तिथे एमसील. पण भाचा डावखुरा. उजव्या हाताची कोरलेली मूठ त्याच्या हातात बसेचना. एचडब्ल्यू 40 ची मूठ साधी, दोन्ही हातांना चालणारी. निर्णय अर्धा तिथेच झाला.

दुसरा ट्रिगर. त्याचं वजन मोजायला मी पाण्याची बाटली वापरतो. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करायची, नळी सरळ वर धरायची, ट्रिगरला दोरीने बाटली टांगायची आणि पिस्तूल सावकाश उचलायचं. अर्धा लिटर पाण्यावर ट्रिगर सुटला तर ते झाले 500 ग्रॅम, आणि आंतरराष्ट्रीय नियमात एअर पिस्तुलाची किमान मर्यादा नेमकी तीच. पंचवीस मीटरच्या .22 साठी 1000 ग्रॅम, म्हणजे एक लिटर. आपल्या रविवारच्या कामाला एक लिटरच्या आसपासचा ट्रिगर चालेल. दोन लिटर लटकवूनही न सुटणारी पिस्तुलं मी हाताळली आहेत, ती परत ठेवून द्यावीत. पण वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ट्रिगर कसा सुटतो. आधी थोडा मोकळा प्रवास, मग स्पष्ट भिंत, मग कोणतीही खरखर न होता सुटका. खरखर म्हणजे सिअरचा (ट्रिगर ओढेपर्यंत अडवून धरणाऱ्या खटक्याचा) पृष्ठभाग खडबडीत आहे. मला कानसपट्टीवर आणि ऑइलस्टोनवर हात आहे, तरी सिअर घासायच्या भानगडीत मी कोणाला पडू देत नाही. कोन अर्धा अंश चुकला तर पिस्तूल धक्क्यानेही सुटेल. ट्रिगर चांगला असलेलंच विकत घ्या.

तिसरी साइट, आणि इथे आकडे बघा. माशी आणि मागची खाच यांच्यात 300 मिलिमीटर अंतर आहे असं धरू. माशी खाचेत 0.2 मिलिमीटर बाजूला सरकली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 7 मिलिमीटर सरकतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं, छर्रा 4.5 चा, तो नुसता रेघेला शिवला तरी दहा, त्यामुळे एवढी चूक अजून दहातच बसते. माशी अर्धा मिलिमीटर सरकली की छर्रा 17 मिलिमीटर जातो, आणि तुम्ही आठवर आलात. उलट, माशी खाचेत अगदी बरोबर असताना पूर्ण हात 5 मिलिमीटर हलला, तर छर्राही 5 मिलिमीटरच सरकतो. म्हणून हात हलतो याची चिंता सोडायची, तो सगळ्यांचाच हलतो. माशी खाचेत कशी बसली आहे तेवढंच बघायचं. लक्ष्य धूसर, माशी तीक्ष्ण. आणि आखूड पिस्तुलात हेच अंतर शंभर मिलिमीटरवर आलं तर प्रत्येक चूक तिप्पट. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरवर शिकू नका म्हणालो, त्याचं कारण हे.

मागची साइट दोन्ही दिशांना स्क्रूने, टिकटिक करत फिरणारी हवी. एचडब्ल्यू 40 ला ती आहे. तिच्यावरचे चमकणारे हिरवे-लाल ठिपके मात्र मला पटत नाहीत. ठिपक्यांनी डोळा लवकर माशी पकडतो, पण माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट समान आहे का हे त्या चमकण्यात हरवतं. भाच्याच्या पिस्तुलावरचे ठिपके मी मार्करने काळे केले. लोखंडी माशी असेल तर कापूर पेटवून त्याची काजळी धरतो, इतकं सुंदर काळं दुसऱ्या कशाने होत नाही.

चौथी, आणि दुकानदाराला विचित्र वाटेल अशी तपासणी: दांडा बंद केल्यावर वरचा भाग हलतो का. मी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारं मोजमापाचं यंत्र, घेऊनच गेलो होतो. बंद करायचं, वाचायचं, उघडून पुन्हा बंद करायचं, पुन्हा वाचायचं. सुई दरवेळी एकाच जागी परतली. तुमच्याकडे गेज नसेल तर बोटाने दोन्ही बाजूंनी दाबून बघा. खुळखुळ जाणवली तर दुसरा नग मागा. नळीच्या तोंडाची कडा भिंगातून बघा, एखादा ओरखडा असेल तर छर्रा तिरका सुटतो. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या नगाच्या तोंडाला बारीक खाच होती, दुसरा स्वच्छ होता.

वेग किती, हे मी विचारलंच नाही. जाहिरातीत वेगाचाच आकडा मोठा असतो. दहा मीटरसाठी सेकंदाला 120 मीटर पुरेसा आहे.

ताईची अट होती, "घरमा उघडं काही दिसाले नको." रास्त आहे. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही, डोळा जाऊ शकतो. पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कप्प्यांत, कुलूप, आणि चावी ताईकडे. पक्षी, खारी, कुत्री यांच्यावर एकही छर्रा नाही. आमच्या लहानपणी नदीकाठी छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन कबुतरं, होले मारणारे लोक होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो, पण कायदा नसता तरी मी भाच्याला हेच सांगितलं असतं.

त्यांचं जुनं धाब्याचं घर आहे, मागची पडवी लांब. टेपने दहा मीटर मोजले, लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून 1.4 मीटरवर घेतलं, स्पर्धेच्या मापात तसंच असतं. पडवीत मधे उघडणारं दार आतून कडी लावल्याशिवाय पिस्तूल पेटीबाहेर काढायचं नाही, हा नियम. छर्रे अडवायला भंगारातल्या जाड पत्र्याची पेटी केली, आतला पत्रा पंचेचाळीस अंशांत खाली झुकवला, म्हणजे छर्रा खाली वळतो, उलटून तोंडावर येत नाही. तळाला जुन्या मडगार्डचा रबर. तरीही साधा पारदर्शक चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. छर्रे शिशाचे, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. प्रकाश लक्ष्यावर भरपूर, नेमबाजाच्या डोक्यावर बेताचा.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला कातरल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजायला वाद राहत नाही. टोकदार छर्रे कागद फाडतात. दोन-तीन कंपन्यांचे छोटे डबे घेऊन प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे हात टेकवून मारायचे आणि कोणत्याचा ग्रुप आवळ येतो ते बघायचं. भाच्याच्या पिस्तुलाला सगळ्यात महागडे छर्रे आवडले नाहीत, मधल्या किमतीचे आवडले. मग एकाच लॉटचे डबे घेऊन ठेवले.

आता ज्यांना तरीही बावीसच हवं आहे त्यांच्यासाठी. आधी सहा महिने एअर पिस्तूल मन लावून मारा. मग पुण्या-मुंबईतल्या संघटनेचं सभासदत्व घ्या आणि क्लबच्या .22 वर, तिथल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली मारून बघा. स्वतःचं हत्यार विकत न घेता तुम्हाला कळेल की तो प्रवास तुम्हाला झेपतो का. झेपत असेल, तुमच्या गुणांची नोंद होत असेल, तर ती कागदपत्रं घेऊन अर्ज ए-1 भरायला जिल्हाधिकारी कार्यालयात जा. अर्जाची फाइल कशी लावायची, कोणते कागद आधी जमवायचे, यासाठी मला विचारा, मी एकाची फाइल सध्या लावून देतोच आहे. आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या तीन जिल्ह्यांत पंचवीस मीटरची एक सार्वजनिक रेंज व्हावी यासाठी निवेदन तयार करतो आहोत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी टूलरूमवर यावं, त्या वेळी यंत्रं बंद असतात आणि बोलायला मोकळा वेळ असतो.